हात ओळखणारी प्रेस

शेडमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पहिल्या पाळीची माणसं सुटूनही घरी गेली नव्हती, दुसऱ्या पाळीची वेळेआधीच येऊन उभी होती आणि ऑफिसातल्या मुली हातातलं काम टाकून लोखंडी जिन्याच्या पायऱ्या अडवून बसल्या होत्या. सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यातल्या जुन्या प्रेसवर. पत्र्याच्या डब्यांची झाकणं पाडणारी ही प्रेस कारखान्यात सगळ्यांत म्हातारी. एरवी तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे, पण आज तिला बघायला लोक टाचा उंच करत होते.

प्रेसला खेटून नाडीसाहेब उभे होते. पांढराशुभ्र कोट, डोळे मिटलेले, उजव्या हाताची दोन बोटं प्रेसच्या लोखंडी अंगावर टेकलेली.

"गप्प बसा जरा," मालक दबक्या आवाजात म्हणाले. "साहेब नाडी बघतायत."

माणसाची नाडी मनगटाला लागते हे शाळेतलं पोरही सांगेल. प्रेसची नाडी कुठे लागते ते एकट्या नाडीसाहेबांना ठाऊक होतं, आणि गर्दीला नीट दिसेल अशाच जागी ती त्यांना दर वेळी सापडायची.

"हळवी आहे," डोळे न उघडता ते म्हणाले. "फार सोसलंय हिने. तुम्ही हिला कंट्रोलर कसा निवडला? कॅटलॉग वाचून. अहो, कॅटलॉग वाचून कुणी सून आणतं का? स्वभाव जुळावा लागतो. तापट कंट्रोलर हळव्या यंत्राला दिलात, मग ती रुसणारच."

लोकांनी माना डोलावल्या. रुसणं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. प्रेसला चालू-बंद करणाऱ्या विजेच्या जुन्या रिलेंचं कपाट जळालं, सुटे भाग मिळेनात, म्हणून मालकांनी नवा कंट्रोलर बसवायचं ठरवलं. बटणांकडून आणि सेन्सरकडून खबर घ्यायची, आत लिहिलेल्या प्रोग्रामप्रमाणे निर्णय करायचा आणि यंत्राला हुकूम सोडायचा, एवढं काम करणारी ती पेटी. दोन कंपन्यांच्या दोन पेट्या आळीपाळीने लावून पाहिल्या. दोन्हींवर प्रेस चालता चालता मध्येच थांबायची. कारण काही नाही, लाल दिवा मात्र लागलेला. मग नाडीसाहेब आले, त्यांनी आपली तांब्याच्या कवचातली पेटी बसवली, आणि त्या दिवसापासून प्रेस एकदाही विनाकारण थांबली नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर गर्दी जमली नसती. खरा चमत्कार पुढेच होता.

प्रेसच्या तोंडाशी दोन उभे खांब होते. एका खांबातून दुसऱ्यात डोळ्यांना न दिसणारे किरण जायचे. काम करणाऱ्याचा हात आत गेला आणि किरण तुटले की खाली येणारा ठोकळा तिथल्या तिथे थांबला पाहिजे, अशी ती सोय. कारखान्यात तिला सगळे पडदा म्हणत. नाडीसाहेबांनी प्रेस सुरू करायला सांगितलं. ठोकळा खाली येऊ लागला तसा त्यांनी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पडद्यातून हात झटकन आत घातला आणि बाहेर काढला. ठोकळा थांबला नाही. आपल्या चालीने खाली गेला, झाकण पाडून वर आला.

"ओळखलं तिने," नाडीसाहेब म्हणाले. "आपल्या माणसाच्या हाताला ती अडवत नाही. आता कुणीतरी परकं या."

परकं म्हणून फोरमनने मास्तरीणबाईंना पुढे ढकललं. बाई गावातल्या तंत्रशाळेत कंट्रोल पॅनेल शिकवायच्या. याच प्रेसवर दुसऱ्या पाळीला काम करणारी त्यांची नणंद त्यांना आग्रहाने घेऊन आली होती. बाईंनी ठोकळ्याकडे पाहिलं, स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि शहाण्या माणसाने घालावा तसा बेताबेताने हात पुढे केला. बोटं किरणांत गेली आणि क्षणभराने प्रेस फुस्स करून थांबली.

गर्दीत खसखस पिकली.

"मनात शंका आहे," नाडीसाहेब मायेने म्हणाले. "शंकेखोर हात यंत्राला कळतो. वाईट वाटून घेऊ नका बाई. शिकलेल्या माणसांचं असंच होतं."

मग त्यांनी नणंदेला बोलावलं. ती आली, ओठ घट्ट मिटले आणि हात विजेसारखा आत घालून बाहेर काढला. ठोकळा थांबला नाही. शेडभर टाळ्या पडल्या. नाडीसाहेबांनी तिचा हात उंच धरून सगळ्यांना दाखवला.

"हा हात शुद्ध आहे. हिला नावं ठेवणाऱ्यांनी बघून घ्या."

नणंदेचे डोळे भरून आले. बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. आपल्याला हसले याचं त्यांना काही नव्हतं. वर्गात पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत हसणारी पोरं त्यांनी पाहिली होती. पण ज्या ठोकळ्याखाली जाड पत्रा कागदासारखा कापला जातो, त्याच्यासमोर माणसं हौसेने हात घालत होती आणि बघणारे टाळ्या पिटत होते.

येत्या सोमवारी मोठं गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार होतं. त्यांच्यासमोर नणंदेने चिमटा न वापरता, चालत्या प्रेसमधून हाताने झाकण काढून दाखवायचं असं ठरलं. ते दाखवून झालं की बाकीच्या सगळ्या प्रेसना तांब्याच्या पेट्या बसणार होत्या.

घरी संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात होत्या. नणंद कणीक मळत होती आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच जोरात मळत होती. बाई भाजी चिरत होत्या.

"तू सोमवारी हात घालणार नाहीस," बाई म्हणाल्या.

"घालणार."

"वन्सं, ऐका माझं."

एरवी बाई नणंदेला सरळ अगंतुगं करायच्या. वन्सं म्हटलं की भांडणाला तोंड लागलं, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. बाहेरच्या खोलीत बाईंचा नवरा पेपर वाचत होता; त्याने चप्पल पायात सरकवली आणि दूध आणतो म्हणून निघून गेला. दूध सकाळीच आणलेलं होतं.

"तुला काय जातंय बोलायला," नणंद म्हणाली. "तुला सगळे बाई बाई करतात. मला काय म्हणायचे आठवतंय ना? पहिल्या पाळीत प्रेस चालते, ही आली की थांबते. पांढऱ्या पायाची. घर मोडून माहेरी आली, आता मशीन मोडतेय. तोंडावर म्हणायचे, वहिनी. फोरमन माझ्या आधी दुसऱ्या बाईला प्रेस सुरू करायला लावायचा, म्हणजे माझा हात पहिला लागायला नको. मी डबा खायला बसले की बाकावरच्या दोघी उठून जायच्या."

बाईंनी सुरी खाली ठेवली.

"आणि एका माणसाने, एकाने, सगळ्यांसमोर सांगितलं की माझा हात शुद्ध आहे. आता मला कुणी टाकून बोलत नाही. तू ते खोटं ठरवणार?"

 बाईंना नाडीसाहेबांचा राग येत होताच, पण त्याहून जास्त त्या बाकावरून उठून जाणाऱ्या दोघींचा येत होता. बाबा लोकांचं पीक कुठून येतं, तर अशा बाकांवरून. आधी चार माणसं मिळून एखादीला डाग लावतात आणि मग तो पुसून देणारा कुणी उगवला की त्याच्या पाया पडतात. आणि जिचा डाग पुसला ती त्याच्यासाठी ठोकळ्याखाली हात द्यायलासुद्धा तयार होते.

"बरं, एवढंच सांग," बाई जरा वेळाने म्हणाल्या. "हात कसा घालायचा ते त्याने शिकवलं का तुला?"

"हो. विजेसारखा. मनात किंतु आला की हात रेंगाळतो, आणि हात रेंगाळला की प्रेस परका मानते."

 बाईंनी पुढे होऊन परातीवर हात धरला.

"हा माझा हात. माश्या हाकलल्यासारखी या हातावरून बोटं झटक. आता हळूच ठेव. दोन्ही वेळा मला कळलं, कारण मी जागी आहे. पण मला कुणी सांगून ठेवलं असेल, की पाव सेकंदाहून कमी वेळ काही लागलं तर लक्ष द्यायचं नाही, तर? झटकलेली बोटं मला कळणारच नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याची पेटी हात ओळखत नाही. ती बहिरी आहे. किरण तुटले ही खबर आली तरी ती पाव सेकंद ऐकून न ऐकल्यासारखं करते. पटकन हात काढलास तर तिला पत्ताच नाही. हळू घातलास तर उशिरा का होईना, थांबते. भित्रा माणूस हात हळू घालतो, म्हणून शंकेखोर परके ठरतात. भक्त झटकन घालतात, म्हणून ते आपले ठरतात."

नणंद मळायची थांबली होती. पण मान्य करणं तिच्या जिवावर आलं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"हे तुझं पुस्तकातलं."

"माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. त्याच्यावरही नको. काठीवर ठेव. सोमवारी तुझ्या हाताआधी मी झाडूचा दांडा घालून दाखवते. दांड्याला ना श्रद्धा ना शंका."

नणंदेने बोटांना लागलेली कणीक झटकली.

"दांड्याला प्रेस थांबली आणि माझ्या हाताला चालली, तर सगळ्यांसमोर माझी माफी मागायची."

"मागेन. आणि दांड्यालाही चालली तर?"

 नणंदेने कणकेचा गोळा झाकून ठेवला.

सोमवारी नणंद आधीच पुढे गेली होती. बाई तंत्रशाळेतून अर्धी रजा टाकून आल्या तेव्हा त्यांच्या हातात झाडूचा दांडा होता आणि पिशवीत भांडी घासायचा पिवळा रबरी हातमोजा. सकाळी तो मोजा कणकेने भरून, मनगटाशी सुतळीने बांधून नणंदेनेच दिला होता. 

गिऱ्हाइकाची माणसं खुर्च्यांवर बसली होती. मालकांनी प्रेसला नवा रंग दिला होता. नाडीसाहेबांचं प्रवचन रंगात आलं होतं.

"नुसतं किती तारा जोडता येतात, किती वेगाने विचार करतो, असले प्रश्न विचारून कंट्रोलर निवडणारे मी खूप पाहिले. मी विचारतो, त्याला माया आहे का?"

"मला एक प्रश्न विचारायचाय," मागून बाई म्हणाल्या.

फोरमन त्यांना अडवायला पुढे झाला, पण खुर्चीवरच्या एका पाहुण्याने हात करून त्याला थांबवलं. "विचारू द्या ना. आम्हालाही ऐकायचंय."

"हा झाडूचा दांडा आहे," बाई म्हणाल्या. "प्रेसला ओळखीचा की परका?"

लोक हसले. नाडीसाहेबही हसले.

"निर्जीव वस्तूशी यंत्राची ओळख कशी असेल बाई? अर्थात परका. थांबेल ती."

"सगळ्यांनी ऐकलं ना? साहेब म्हणाले थांबेल." बाईंनी नणंदेला खूण केली. नणंदेने प्रेस सुरू केली. ठोकळा खाली येऊ लागला आणि बाईंनी दांड्याचं टोक पडद्यातून खसकन आत घालून बाहेर ओढलं. प्रेस थांबली नाही. झाकण पाडून ठोकळा वर गेला. त्यांनी पुन्हा तसंच केलं. पुन्हा नाही थांबली. तिसऱ्यांदा दांडा सावकाश पुढे सरकवला, आणि प्रेस फुस्स करून थांबली.

शेडमध्ये कुणीतरी नुसतंच खाकरलं.

"दांडा तोच, तो धरणारी शंकेखोर बाई तीच," बाई म्हणाल्या. "घाईत घातला की आपला, सावकाश घातला की परका. साहेब, आता ही ओळख आहे की नुसता वेगाचा खेळ?"

नाडीसाहेबांनी डोळे मिटले. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशा माणसाला विचार करायला फार वेळ लागत नाही.

"तुमची शंका दांड्यातून वाहत गेली. पहिल्यांदा ती पोचली नव्हती, म्हणून यंत्राने क्षमा केली."

"मग तुमची श्रद्धा दांड्यातून वाहू द्या. घ्या. सावकाश घाला आणि चालवून दाखवा."

नाडीसाहेबांनी दांडा घेतला नाही. बाईंनी तो आपल्याकडे वळवला आणि त्याच्या टोकाला पिवळा मोजा बांधला. मालक उठून उभे राहिले.

"अहो, हे काय चाललंय?"

"आज माझी नणंद जे करून दाखवणार होती तेच. साच्यातलं झाकण हाताने काढायचं. साहेब दर वेळी फक्त किरणांपर्यंत बोटं नेऊन परत आणतात, साच्यापर्यंत हात नेत नाहीत. झाकण काढायचं तर साच्यात जावं लागतं."

प्रेस पुन्हा सुरू झाली. ठोकळा साच्याच्या जवळ आला होता. बाईंनी दांडा झटकन पुढे केला, झाकण उचलायला हात जातो अगदी तसा. प्रेस थांबली, पण ठोकळा खाली टेकल्यावर. दांडा मध्येच तुटून त्यांच्या हातात अर्धा राहिला.

कारखान्याच्या वायरमनने ठोकळा वर घेतला. साच्यात मोजा होता. बोटं पत्र्यासारखी सपाट झाली होती आणि कणीक साच्याच्या कडांतून बाहेर आली होती. जिन्यावरची एक मुलगी तोंडावर हात ठेवून खाली बसली. नणंद पुढे आली आणि त्या मोज्याकडे बघत उभी राहिली. तिच्याच हाताने भरलेली कणीक होती ती.

"साहेब," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण शेडमध्ये इतकी शांतता होती की शेवटच्या माणसापर्यंत गेला. "तुमचा हात तर ती माझ्याआधीपासून ओळखते. तुम्ही एकदा झाकण काढून दाखवा. नुसती बोटं झटकू नका. साच्यातून काढा."

"आज नाडी जड आहे," नाडीसाहेब म्हणाले.

"मग माझ्या वेळी कशी हलकी होणार होती?"

 गिऱ्हाइकाच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. नाडीसाहेब कोटाच्या गुंड्या लावू लागले. गुंड्या आधीच लावलेल्या होत्या.

"ते राहू दे," फोरमन मध्येच म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, पण हट्ट उतरला नव्हता. "मान्य, पेटी बहिरी आहे. पण आधीच्या पेट्यांवर हिच्याच पाळीत प्रेस का थांबायची? पहिल्या पाळीत का नाही? तेवढं सांगा."

नणंदेने मान खाली घातली. ज्या प्रश्नाची तिला भीती होती तो हाच. बाईंना मात्र तो हवाच होता; दुसऱ्या पाळीत आसपास काय काय चालतं ते त्यांनी नणंदेला घरीच विचारून ठेवलं होतं.

"सांगत नाही, दाखवते. हातच्या कांकणाला आरसा कशाला? वायरमनभाऊ, आधी लावून काढलेला दोन नंबरचा कंट्रोलर परत लावता येईल?"

वायरमनने तांब्याच्या पेटीतून तारांचा जोड उपसला आणि टेबलावर पडलेल्या दोन नंबरच्या कंट्रोलरला लावायला गेला. जोड खटकन बसला. वायरमन थबकला. वेगळ्या पेटीचा जोड इथे बसायलाच नको होता. त्याने तारा ताणून पाहिल्या, मग पेचकस काढून तांब्याच्या कवचाचे स्क्रू खोलायला लागला. नाडीसाहेब म्हणाले, कवच उघडलं तर ऊर्जा जाईल. ऊर्जा गेली का ते कळलं नाही, पण कवच निघालं, आणि आत दोन नंबरचाच कंट्रोलर निघाला. तीच कंपनी, तोच प्रकार, फक्त प्रोग्राम निराळा. ज्याला तापट म्हणून टेबलावर टाकलं होतं त्याचाच सख्खा भाऊ तांब्याचा सदरा घालून मायाळू झाला होता.

दोन नंबरवर प्रेस सुरू झाली. पाहुणे खुर्च्या सोडून पुढे आले होते. प्रेस सुरळीत चालली.

"आता वन्सं, तुम्ही गेटच्या बाहेर जा," बाई म्हणाल्या. "पार रस्त्यावर. फोरमनसाहेब, तुम्ही स्वतः सोडून या, म्हणजे तिचे पाय आत नाहीत याची खात्री राहील."

फोरमन गेला आणि परत आला. प्रेस चालूच होती. मग बाईंच्या सांगण्यावरून वायरमनने शेजारच्या शेडमधल्या माणसाला, पाहुण्यांसाठी बंद ठेवलेलं वेल्डिंग सुरू करायची हाक दिली. पलीकडे निळा उजेड चमकला आणि इकडे लाल दिवा लागून प्रेस थांबली. वेल्डिंग बंद केलं, प्रेस चालली. सुरू केलं, थांबली. नणंद रस्त्यावर उभी होती.

"वेल्डिंग फक्त दुसऱ्या पाळीत चालतं," वायरमन हळूच म्हणाला. बोलताना तो भिंतीवर वरच्या बाजूला बघत होता. तिथल्या पत्र्याच्या पन्हाळीतून वेल्डिंगची जाड केबल आणि पडद्याची बारीक तार एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. "दोन्ही मीच एकत्र टाकल्या. जागा नव्हती."

"ठिणगी उडाली की पडद्याच्या तारेत खोटा धक्का यायचा," बाई म्हणाल्या. "चांगल्या कंट्रोलरला वाटायचं किरण तुटले, तो इमानाने प्रेस थांबवायचा. या गृहस्थांनी तार वेगळी केली नाही, कंट्रोलरचेच कान बुजवले. खोटे धक्के ऐकू येईनासे झाले आणि खऱ्या हाताची खबरही उशिरा पोचायला लागली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि तुम्ही बिचाऱ्या कावळ्याला पांढऱ्या पायाचा ठरवून बसलात."

नाडीसाहेब निघाले होते. कुणी त्यांना अडवलं नाही, कुणी पोचवायलाही गेलं नाही. तांब्याचं कवच टेबलावरच राहिलं.

बाकीच्या प्रेस पुन्हा सुरू झाल्या. मालकांनी कपाळ पुसलं. पाहुण्यांसमोर जे झालं ते झालं, पण माल संध्याकाळी निघायचा होता. ते वायरमनला बाजूला घेऊन बोलले, पण नको तितक्या मोठ्याने.

"आजच्या दिवस ती तांब्याची पेटी लावून चालवा. वेल्डिंगचं कामही आज थांबवता येणार नाही. उद्या तारा बदलू. सगळ्यांना चिमटे द्या, हात घालू नका म्हणावं."

नणंद तोवर परत आली होती. ती आपल्या जागेवर गेली, प्रेसचा मुख्य स्विच खाली ओढला आणि स्विचसमोर पाठ लावून उभी राहिली.

"आज चालणार नाही," ती म्हणाली.

"तू कोण सांगणार?"

"जिचा हात जाणार होता ती."

मालक काही बोलणार तोच पलीकडच्या प्रेसवरच्या बाईने आपला स्विच खाली ओढला. डबा खायच्या बाकावरून उठून जाणाऱ्या दोघींपैकी ती एक होती. तिने नणंदेकडे पाहिलं नाही, खाली फरशीकडे बघत स्विच ओढला. मग तिसरी. शेडमधला आवाज एकेक करून कमी होत गेला आणि शेवटी पंखेच फिरत राहिले. पाहुण्यांपैकी जो मघाशी बोलला होता तो मालकांना म्हणाला, "आम्हाला माल उद्या चालेल. असला नको."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडद्याची तार वेगळ्या नळीतून गेली. पडदा आता कुठल्याही कंट्रोलरच्या मर्जीवर राहिला नाही. किरण तुटले की ठोकळ्याचा जोर थेट तोडणारा स्वतंत्र सुरक्षा रिले बाईंनी आणि वायरमनने मिळून बसवला, मग कंट्रोलर कुठलाही असो. त्यानंतर मालकांनी जरा ओशाळून विचारलं, बरं, मग कंट्रोलर कुठला घ्यावा?

"तुमचे प्रश्न घ्या आणि त्यांची उत्तरं जो देईल तो घ्या," बाई म्हणाल्या. "किती बटणं आणि सेन्सर जोडायचेत, उद्या आणखी किती वाढतील? शेडमधला उकाडा आणि पत्र्याची धूळ त्याला सोसते का? बिघडला तर सुटा भाग गावात मिळतो का? त्याचा प्रोग्राम तुमच्या माणसांना उघडून वाचता येतो का, की कुणीतरी कुलूप लावून किल्ली खिशात घालून गेलाय? आणि कुणी सांगितलं की याला विचारू नका, यावर विश्वास ठेवा, तर त्याला आल्या पावली परत पाठवा. तो पेटी विकायला आला असो की औषध, की देव."

दोन नंबरचाच कंट्रोलर ठरला. स्वस्त होता, साधा होता आणि त्याने मुळात काही चूक केली नव्हती.

दुपारी पाळी बदलताना बाकावर नणंद डबा उघडून बसली होती. आदल्या दिवशी दुसरा स्विच ओढणारी बाई येऊन तिच्या शेजारी बसली. तिने आपला डबा उघडला.

"काही म्हण," ती म्हणाली, "पण त्या साहेबांमुळे तुझ्यावरचा डाग गेला, एवढं तरी खरं ना?"

नणंदेने घास खाली ठेवला. समोर फोरमन उभा होता, मालक ऑफिसच्या दारात होते, पहिल्या पाळीची माणसं हात धूत होती. तिने आवाज लहान केला नाही.

"डाग तुम्ही लावला होता. नव्हताच तो, मग त्याने कुठला पुसला? माझे पाय पांढरे नव्हते आणि माझा हातही कुणाहून शुद्ध नाही. मला त्या प्रेसने ओळखायला नकोय. माझा हात असो, तुझा असो, नाहीतर एखाद्या चोराचा, आत दिसला की तिने थांबायचं. आणि उद्या कुणी आलीच इथे, जिच्या पाळीत काही बिघडलं, तर तिचे पाय बघायच्या आधी तारा बघायच्या."

 हात धुणाऱ्यांनी नळ बंद केला. नणंदेने घास उचलला आणि शेजारची बाई या वेळी बसून राहिली.